सोनं जिंकलेल्या मुलीबरोबर मिरजेपर्यंत

साताऱ्याहून सांगलीला जायला हवी तेवढी वाहनं आहेत. हायवेने एसटी सुटतात, खासगी गाड्या सुटतात, आणि माझ्या मेव्हण्याच्या मते शहाणी माणसं त्यांतूनच जातात. मी पॅसेंजरने गेलो. निवृत्त झाल्यापासून मला कसलीच घाई उरलेली नाही, आणि आम्हा चिपळूणकरांना रेल्वे म्हटली की बोगदेच आठवतात. उघड्या रानातून, प्रत्येक स्टेशनावर दम खात जाणारी गाडी एकदा अनुभवावी असं फार दिवस मनात होतं. सांगलीत एक दिवस काढायचा, भडंग खायचं, हरिपूरला संगम बघायचा आणि परत फिरायचं, एवढाच बेत होता. त्यातलं काहीही झालं नाही. मी सांगलीला उतरलोसुद्धा नाही. जे झालं ते लिहितो आहे, पण हे वाचून कोणाला त्या गाडीत बसावंसं वाटेल असं मला वाटत नाही.

सातारा

सातारा स्टेशन गावापासून लांब. रिक्षावाल्याने तिथवर नेताना मला 'पॅसेंजरनं का?' असं तीनदा विचारलं, आणि डबा बघितल्यावर तो प्रश्न मलाही पडला. कराडला निघालेली कॉलेजची पोरं, कारखान्यातल्या पाळीला जाणारे कामगार, पाट्या घेऊन बसलेल्या भाजीवाल्या आणि मिरजेच्या दवाखान्यांत निघालेले आजारी. या गाडीतला मिरजेचा उतारू हातातल्या एक्स-रेच्या पिशवीवरून ओळखायचा. पिशवी मांडीवर उभी धरलेली असते, कारण ती दुमडून चालत नाही.

आत शिरलो तर एका बाकावर एक दणकट मुलगी समोरच्या बाकावर पाय लांब करून बसली होती. पायावर शाल. आजूबाजूला माणसं उभी, आणि हिचा एकटीचा पाय एका माणसाची जागा अडवून आरामात. मी गप्प बसणाऱ्यांतला नाही.

"बाळ, पाय खाली घे. गाडी काही तुझ्या एकटीची नाही."

तिने मुकाट्याने पाय खाली घ्यायला सुरुवात केली आणि तिचा चेहरा असा झाला की मीच घाबरलो. शेजारचा पिवळा फेटा बांधलेला माणूस हात जोडून म्हणाला, "आवं सायेब, ऱ्हाऊ द्या. दुखतूय तिचा पाय. तुमी हितं माझ्या जाग्यावर बसा, म्या हुबा ऱ्हातो."

मी अर्थातच तसं काही केलं नाही. तिघांनी दाटीवाटीने बसायचं ठरलं. तो तिचा बाप, बिरू. वडूजच्या पलीकडे माळावर त्यांची वस्ती. बापजाद्यांचा धंदा मेंढरांचा. आता थोडी शेतीही आहे. मी चिपळूणचा म्हटल्यावर तो खुलला. त्याचे वडील मेंढरं घेऊन घाट उतरून आमच्याच बाजूला यायचे म्हणे. लहानपणी आमच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायला येणारे, कांबळं पांघरलेले लोक मला आठवतात. आम्ही त्यांना लांबूनच बघायचो. त्याने फडक्यातली ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा खर्डा पुढे केला. आमच्याकडे तिखट म्हणजे आमटीला थोडी चव यावी इतपत. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि समोरची मुलगी पहिल्यांदा हसली. खिडकीशी बसलेल्या एका वयस्क माणसाने पिशवीतून मूठभर बेदाणे काढून माझ्या हातावर ठेवले. हे भूपालअण्णा, नांद्र्याचे जैन शेतकरी, हळदीचे आणि द्राक्षाचे बागायतदार. साताऱ्यात लेकीकडे येऊन परत निघाले होते.

एवढ्यात दरवाजाकडच्या कॉलेजच्या पोरांतला एक ओरडला, "आरं, ही मयूरी हाय गड्या! सोनं मारलंय हिनं!"

मग कळलं. देशभरातल्या पोरींच्या कुस्तीत तिच्या वजनगटात ती पहिली आली होती. बिरूने शर्टाच्या आतल्या खिशातून रुमालात गुंडाळलेलं पदक काढून मला दाखवलं, आणि लगेच परत आत ठेवलं. पोरांनी फोटो काढले, स्टेटसला टाकले. मी तिला 'पाय खाली घे' म्हणालो होतो, ते आठवून मी बेदाणे चघळत राहिलो.

गर्दी जरा पांगल्यावर बिरूने माझ्या कानाशी सांगितलं. शेवटच्या कुस्तीत तिचा गुडघा आतून मुरगळला. तशीच लढली, तशीच जिंकली. संघाबरोबरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, पाय टेकायचा नाही, कोणाला हात लावू द्यायचा नाही. मिरजेच्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंना तिथले रिपोर्ट पाठवून सकाळीच फोनवर बोलणं झालं होतं. त्यांचं म्हणणं, आजच आणा, गुडघ्यातली गादी फाटलीय ती शिवता येईल, सहा-आठ महिन्यांत पोरगी पुन्हा मॅटवर उभी राहील. पण आता पुन्हा पिळला गेला तर खेळ विसरा. म्हणून बापलेक गावी न उतरता थेट मिरजेला निघाले होते.

"पर गावातल्या कुणाला बोलू नगा, सायेब. पाया पडतो."

मी मान डोलावली. मला वाटलं, दृष्ट लागेल म्हणून, नाहीतर लाज म्हणून. आमच्याकडे आजार असाच लपवतात. शेजाऱ्याला काढ्याचा वास आला तरच कळायचं. बिरूला याहून वेगळं काही सांगायचं असेल हे माझ्या कोकणी डोक्यात आलं नाही.

रहिमतपूर

स्टेटस आमच्याआधी पोचलं होतं. मिरवणुकीसाठी सकाळपासून स्टेशनाशी येऊन थांबलेल्या लोकांना ती कुठल्या गाडीत आहे ते त्यातून कळलं. रहिमतपूरच्या फलाटावर हलगीचा आवाज गाडी थांबायच्या आधी डब्यात शिरला, आणि मागोमाग मयूरीचं गाव शिरलं. होय, गावच. फेटेवाले म्हातारे, गुलालाने लाल झालेली तरणी पोरं, डोक्यावर पदर घेतलेल्या बाया, चाकांवरचा एक मोठा स्पीकर आणि त्याला लावलेला माइक. आधीच खच्चून भरलेल्या डब्यात एवढी माणसं कशी मावली ते रेल्वेलाच ठाऊक. भाजीवाल्यांनी पाट्या डोक्यावर घेतल्या. एक्स-रेच्या पिशव्या छातीशी गेल्या. कोणी रागावलं नाही. उलट पेढा मिळाला की आजारी माणसंही टाळ्या वाजवत होती.

सगळ्यांत पुढे वस्ताद होते. सत्तरीचे, कान मोडलेले, मान खांद्यात रुतलेली. गावच्या तालमीचे ते गुरू. त्यांनी मयूरीचं डोकं दोन्ही हातांत धरलं, त्यावर आपलं कपाळ टेकलं आणि लहान मुलासारखे रडले. गुलालातून त्यांच्या गालावर ओघळ उतरले.

एक बाई गर्दीतूनच मला सांगू लागली, जणू मी तिच्या सासरचाच. "सात वरीस दूध घातलंय आमी हिला. आमचा मंगळवार असायचा. लेकराला चा काळा प्याया लागला तरी चालंल, पर मंगळवारी हिचा तांब्या चुकला न्हाई." गावाने घरांना वार लावून दिले होते. ज्याचा वार, त्याच्या म्हशीचं सकाळचं दूध मयूरीला. मुली तालमीत नकोत म्हणून गाव आधी भांडलं; वस्ताद एकटे उभे राहिले, मुलींसाठी त्यांनी स्वतः फावडं घेऊन वेगळा कुस्तीचा हौद खणला. नंतर तेच गाव दूध घालू लागलं.

मला आमचं गाव आठवलं. शेजारचा एक मुलगा पोहण्यात राज्यात पहिला आला तेव्हा आम्ही काय केलं? 'बरं झालं हो,' म्हणालो आणि त्याच्या वडिलांना विचारलं की यंदा आंबा कसा आहे. कोणी त्याला तांब्याभर दूध दिलं नाही. त्या हलग्यांच्या आवाजात मला आमच्या कोरडेपणाची खरोखर शरम वाटली. पुढच्या अर्ध्या तासात तो कोरडेपणा मला देवाची कृपा वाटणार होता.

कराडच्या अलीकडे

"उठ मयूरे! शड्डू ठोक!" पोरं ओरडत होती. "दमलीया पोरगी," बिरू हात जोडून सगळ्यांना सांगत होता. "परवास लय झालाय." कोणी ऐकत नव्हतं. कराडला तालमींची पोरं फलाटावर थांबली होती, तिथे तिला खांद्यावर घेऊन नाचवायचं ठरलं होतं. कोणीतरी शाल ओढली. दोघांनी तिच्या काखेत हात घातले. तिने खिडकीची दांडी घट्ट पकडली, हसू तसंच ठेवून.

मधल्या मध्ये माझ्याही डोक्याला फेटा बांधला गेला होता. स्वच्छ शर्ट, चष्मा आणि मुलीशेजारची जागा, यावरून मी स्पर्धेकडून आलेला कोणी साहेब असणार असं गावाने ठरवलं. माझ्या हातात नारळ आला, आणि नारळापाठोपाठ माइक. "सर दोन शब्द बोलतील!"

माझा राग डोक्यात गेला होता. तिला उचलायला निघालेल्या पोरांचे हात तेवढे मला दिसत होते. बिरूला दिलेला शब्द मी विसरलो नव्हतो. पण या वेड्या लोकांना खरं सांगितलं की ते थांबतील, अशी माझी खात्री होती. कोणत्याही माणसाची असती.

"तिला सोडा!" मी माइकवर ओरडलो. "मुलीचा गुडघा गेलाय. त्या गुडघ्यावर ती फायनल लढली. तिला उचलू नका, चालवू नका. ती मिरजेला ऑपरेशनला निघालीय!"

हलगी थांबली. क्षणभर वाटलं, जमलं. मग एक पोरगा कापऱ्या आवाजात ओरडला, "मोडल्या पायानं जिंकली रं आपली वाघीण!" आणि डबा पुन्हा पेटला. पण मी बघत होतो वस्तादांकडे. त्यांचा चेहरा पडला होता.

"पोरी," ते म्हणाले, "मला का न्हाई सांगितलंस?"

मयूरीने मान खाली घातली.

"सरका सगळी. दाव पाय."

"वस्ताद," बिरू मध्ये आला, "डाक्टरीणबाई म्हनल्यात, हात लावायचा न्हाई..."

"डाक्टर चिरतूय, बिरू. पोरीच्या अंगाला एकदा सुरी लागली का संपली ती. आरं, तुझा खांदा कुणी बसवला व्हता? ह्या गावातली किती हाडं बसवली म्या, सांग की."

बिरूचा हात आपल्या खांद्यावर गेला. त्याचा खांदा खरंच वस्तादांनी बसवला होता, आणि बसला होता. पैलवानांच्या गावात हाड सरकलं की आधी वस्ताद. ते ओढतात, दाबतात, पिळतात, आणि पुष्कळदा माणूस दुसऱ्या दिवशी हौदात उतरतो. मग मला समजलं, 'गावाला बोलू नगा' म्हणजे काय ते. बिरूला लाज नव्हती, दृष्टीची भीतीही नव्हती. त्याला या दोन प्रेमळ हातांची भीती होती, आणि मी त्या हातांना माइकवरून हाक मारली होती.

"नाही! अहो, हात लावू नका!" मी पुढे सरलो. दोन पोरांनी मला अदबीने धरून ठेवलं. "सर, तुमी बसा. वस्तादांना म्हाईत हाय."

मयूरी नाही म्हणू शकत होती. एकवीस-बावीस वर्षांची, देशभरातल्या पोरींना चीत केलेली मुलगी. ती वस्तादांच्या हातांकडे बघत राहिली आणि तिने स्वतः पॅन्टचा पाय वर केला. गुडघा कलिंगडासारखा फुगला होता. कोण्या बाईने पिशवीतून खोबरेल काढून दिलं. वस्तादांनी डोळे मिटले, ओठांत मारुतीचं नाव घेतलं, तिची टाच काखेत धरली आणि पिळून ओढली.

कट्ट असा आवाज आला. सगळ्यांना ऐकू गेला.

"बसला!" पोरं नाचू लागली. "बसला! बसला!" हलगी सुरू झाली. मयूरीचा चेहरा चुन्यासारखा पांढरा, खालच्या ओठात दात रुतलेले. वस्ताद तिच्याकडे बघत होते. तेलाचे हात ते पुन्हा पुन्हा धोतराला पुसत होते.

"बसला का गं?"

"बसला वस्ताद," ती म्हणाली. "बरं वाटतंय."

कराड

कराडच्या फलाटावर ती चालत उतरली. दाखवायला. वस्तादांचा हात धरून चार पावलं टाकली, वाकून माती कपाळाला लावली, आणि मग पोरांनी तिला खांद्यावर घेतलं. गाडी साखळी ओढून थांबवून ठेवली होती. गार्ड शिट्ट्या मारून दमला आणि शेवटी त्यानेही मोबाइल काढून व्हिडिओ घेतला. उजवा पाय खांद्यावरून लोंबत होता आणि पोरं नाचली की हलत होता. त्या पायाकडे डब्यातून आम्ही तिघंच बघत होतो, बिरू, भूपालअण्णा आणि मी. मी प्रवासात पुष्कळ गोष्टी बघितल्या आहेत. इतकं असहाय कधी वाटलं नव्हतं.

तिथून मिरवणूक गावाकडे जाणार होती. ऑपरेशन आता कशाला, पण मिरजेला पाहुण्यांकडे देवदर्शन आहे, बोललोय, जायलाच हवं, अशी थाप बिरूने मारली. वस्ताद म्हणाले, "जाऊन या. पर सोनं आज गावात फिरू द्या. म्हाताऱ्यांनी वाट बघितलीया." बिरूने खिशातला रुमाल काढून दिला. वस्तादांनी पदक स्वतःच्या गळ्यात न घालता दोन्ही तळव्यांवर धरलं, देवाचा अंगारा धरावा तसं.

गाडी सुटली आणि डबा एकदम रिकामा झाल्यासारखा वाटला. खाली गुलाल, तुडवलेली झेंडूची फुलं आणि एक फुटलेला नारळ. मयूरी बाकावर आडवी झाली आणि मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी इथे लिहिणार नाही.

कृष्णेच्या काठाने

शेणोली, ताकारी, भिलवडी. दोन्ही बाजूंना ऊस, तुरे आलेला, उन्हात चांदीसारखा. मध्येच नदी दिसायची. याच देखाव्यासाठी मी निघालो होतो. स्टेशनांवर लोक चढत होते, उतरत होते, फोनवर कराडचा व्हिडिओ बघत होते. एकाने तो आम्हालाच दाखवला. "बगा, मोडलेला गुडघा गाडीत बसवला म्हाताऱ्यानं. डाक्टर झक मारतील." मयूरी शाल तोंडावर घेऊन पडली होती, त्याने ओळखलं नाही.

भूपालअण्णांनी भिलवडीला उतरून धावत जाऊन रसवंतीवाल्याकडून बर्फ आणला, गाडी चुकता चुकता राहिली. स्वतःच्या उपरण्यात बांधून त्यांनी तो गुडघ्यावर धरला.

"तू नाही का म्हणाली नाहीस गं?" मी न राहवून विचारलं. विचारायचा मला काय अधिकार होता?

तिने शाल बाजूला केली. "सगळं गाव म्हनत व्हतं पोरीची जात हौदात नगं. वस्ताद एकलं हुबं ऱ्हायलं. त्यास्नी लोकांम्होरं न्हाई कसं म्हनू? आनी त्यांचा हात लागला का बरं व्हतं, असं मलाबी वाटलं. थोडं वाटलं."

"माझाही खांदा असाच बसवला होता एका वस्तादानं," अण्णा बर्फ धरून म्हणाले. "अजून शाबूत आहे बघा. म्हणून तर कोणी थांबत नाही हो."

मी माफी मागितली, बापाची आणि लेकीची. बिरू म्हणाला, "तुमी चांगल्यासाठीच बोललासा." त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नांद्रे आलं, अण्णा उतरायला उठले आणि परत बसले. "मिरजेला स्ट्रेचरला चौघं लागतील," म्हणाले. सांगली आली. मी जागचा हललो नाही.

मिरज

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, घाईत नव्हत्या. फोटो काढले, मशीनमध्ये घातलं. संध्याकाळी आम्हाला आत बोलावलं. त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला.

"सकाळी सांगितलं होतं त्यापेक्षा हे फार वेगळं आहे. शिवायला काही उरलेलं नाही, गुडघा धरून ठेवणारा दोर, लिगामेंट, तोही तुटलाय. ऑपरेशन करू. चालशील, जिने चढशील, संसार करशील." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "कुस्ती नाही, बाळ."

मयूरीने मान हलवली. बिरूने भिंतीला हात लावला आणि तिथेच खाली बसला.

"हे कोणी केलं? कोणीतरी पाय पिळलाय."

मी तोंड उघडणार होतो. मयूरीने माझ्याकडे बघितलं, आणि मी पुन्हा एकदा बोलायची हिंमत केली नाही.

"गाडीत गर्दी व्हती," ती म्हणाली. "पडले मी."

डॉक्टरीणबाईंनी तसं लिहून घेतलं.

तिला वॉर्डात नेलं. खिडकीबाहेर बांगड्यांचं एक दुकान दिसत होतं. अण्णा चहा आणायला गेले. तेवढ्यात बिरूचा फोन वाजला. मोडका फोन, त्यातून मोठ्याने लावला तरच ऐकू येई, त्यामुळे आम्हा सगळ्यांनाच ऐकू आलं. वस्ताद होते. मागे हलगी, माणसांचा कल्ला.

"पोरी, सोनं गावभर फिरवलं बग. आता तालमीत मारुतीम्होरं ठिवलंय. आनी आइक, चार नव्या पोरी आल्यात हौदात, आजच. यकीचा गुडघा सुजलाय, पडली व्हती म्हनं. तिचा बा डाक्टरकडं घिऊन निघाला व्हता वडूजला. म्या म्हटलं, थांब. मयूरीचा बसवलाय म्या, सगळ्या मुलुखानं बघितलाय. उद्या सकाळी आन तिला माज्याकडं."

बिरू उठून उभा राहिला. मयूरी कोपरांवर उठून बसली. तिचा चेहरा मी दुपारी गाडीत बघितला होता तसाच पांढरा झाला.

"वस्ताद..." ती म्हणाली. "वस्ताद, त्या पोरीला..."

"काय म्हनालीस? हितं वाजाप चाललंय, जरा मोठ्यानं बोल."

तिने डोळे मिटले. ओठ हलत होते. बिरू तिच्याकडे बघत होता, मी बघत होतो, शेजारच्या खाटेवरची म्हातारीसुद्धा बघत होती.

"काय न्हाई, वस्ताद," ती म्हणाली. "तुमी जेवलासा का?"